चंद्रतळाचा कॉम्प्युटर गप्प बसतो

सन दोन हजार चारमध्ये माणसं चंद्रावर राहणार होती आणि तिथेही चहा मीच आणून देणार होते. हे भविष्य आम्ही १९७३ साली, लंडनच्या पश्चिमेकडच्या एका टीव्ही स्टुडिओत, एका मालिकेसाठी दर सोमवारी तयार करायचो. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवून वर चंदेरी रंग मारला की झाला चंद्रतळ. दारं आपोआप उघडायची, म्हणजे मागे दोन दांडगे बाप्ये दोर ओढायचे. जिथे श्वासापुरती हवा पृथ्वीवरून आणायची, तिथे आमचे कमांडर खुशाल पाइप ओढायचे. आम्हा बायकांना मात्र गुडघ्याच्या वीतभर वर संपणारे झगे आणि डोक्यावर पोपटी केसांचे टोप. पुढल्या शतकात बायकांचे केस पोपटी होतील हे कोणी ठरवलं, ते विचारायची सोय नव्हती.

मी डोरीन क्लेग, मूळची हॅलिफॅक्सची. तीन वर्षं मी मागे उभी राहून बटणं दाबत होते, पण बोलायची परवानगी नव्हती, कारण माझ्याकडे नटांच्या युनियनचं कार्ड नव्हतं. कार्ड नसेल तर बोलायची भूमिका नाही, आणि बोलायची भूमिका केली नसेल तर कार्ड नाही. हा नियम ज्याने काढला त्याला चंद्रावर सोडून यावं, असं मला रोज वाटायचं. एकच पळवाट होती. वर्षाला एका नवख्या माणसाचं नाव दिग्दर्शक बोलत्या भूमिकेसाठी आपल्या सहीने युनियनकडे पाठवू शकायचा, आणि त्यावर कार्ड मिळायचं. ओल्डहॅमच्या एका नाटक मंडळीने मला सांगून ठेवलं होतं, की शुक्रवारपर्यंत कार्ड घेऊन ये, मोठी भूमिका देतो. नाहीतर ती दुसऱ्या कोणाला तरी जाणार होती.

म्हणून दिग्दर्शक पेरेग्रिन लॉव्हटने मला चंद्रतळाच्या कॉम्प्युटरचा आवाज व्हायला सांगितलं, तेव्हा मी त्याच्या गळ्यातच पडले. तेवीस वाक्यं होती. आवाज मऊ हवा, बायकी हवा, आणि कमांडरने काहीही विचारलं तरी न चिडता उत्तर देणारा हवा, असं तो म्हणाला. आईला मी त्याच दिवशी पत्र टाकलं.

सोमवारी दुपारी ऑफिसातल्या बाईंनी मला यादी दाखवली. नटांमध्ये माझं नाव नव्हतं. ते सापडलं शेवटच्या पानावर, ध्वनी विभागात. तिथे ओळीने लिहिलं होतं: दाराची खर्रखर्र, हवेची गळती, दूरचा स्फोट, कॉम्प्युटर.

मी पेरेग्रिनला कँटीनमध्ये गाठलं. तो तोंडात घास असतानासुद्धा सभ्यपणे बोलेल असा माणूस, पण त्या दिवशी माझ्याकडे न बघता सॉसेज कापत होता.

"हे बघ, लाडके, कॉम्प्युटर म्हणजे काही पात्र नाही. यंत्र आहे. यंत्राचा आवाज ध्वनी विभागात जातो."

"पण बोलते मी आहे ना."

"बोलतेस तू, पण ऐकणाऱ्याला यंत्र वाटतं. तेच तर तुझं कौशल्य."

त्या वर्षाची सही त्याने कोणाला दिली, तेही मला कळलं. मंगळावरच्या राक्षसाला दिली होती. राक्षस म्हणजे त्याच्या बहिणीचा मुलगा, आणि त्याला दोनदा फक्त गुरगुरायचं होतं. कागद अजून गेला नव्हता. पेरेग्रिनच्या खिशात होता.

मी भांडले नाही. काचेच्या खोलीत माइकसमोर जाऊन बसले.

आमच्याकडे सहाला रेकॉर्डिंग संपायचं. संपायचं म्हणजे कोणाचं वाक्य अर्धं असलं तरी दिवे जायचे, आणि सात वाजता तिथे पाककृतींचा कार्यक्रम उभा राहायचा. सहाला नऊ मिनिटं कमी असताना शेवटचा प्रसंग सुरू झाला. कमांडर झालेला रॉडरिक हेल बंद दारासमोर उभा, मागे हवा संपत चाललेली, कपाळावर ग्लिसरिनचा घाम.

"कॉम्प्युटर, दार उघड," तो म्हणाला.

मी गप्प बसले.

रॉडरिकला वाटलं, मी वाक्य विसरले. त्याने आणखी जोर लावून तेच म्हटलं. दोर धरलेले दोघं पुठ्ठ्याच्या कडेने डोकावले. मग मी माझ्या सगळ्यात मऊ, सगळ्यात बायकी आवाजात बोलले, आणि तो सगळ्या स्टुडिओभर घुमला.

"कमांडर, कॉम्प्युटरचं नाव नटांच्या यादीत नाही. ते येईपर्यंत दार बंद राहील."

पेरेग्रिन वरच्या खोलीतून जिना उतरून धावत आला. तो लाल झाला होता आणि मला खरंच भीती वाटली, की आता मी कायमची गेले. त्याने मला कृतघ्न म्हटलं, पुन्हा या इमारतीत पाऊल टाकू देणार नाही म्हणाला. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. पाच मिनिटं उरली होती. दोर धरणाऱ्यांपैकी एकजण जोरात हसला, आणि दोघांनी दोर खाली ठेवून हाताची घडी घातली.

पेरेग्रिनने खिशातून कागद काढला, भाच्याचं नाव खोडलं, माझं लिहिलं आणि माझ्यादेखत सही केली. मी कागद घडी करून झग्यात ठेवला.

"दार उघडत आहे, कमांडर," मी म्हणाले, आणि न चिडता म्हणाले.

शुक्रवारी मी कार्ड घेऊन ओल्डहॅमला पोचले. तीन भाडेकरूंना विष घालणाऱ्या घरमालकिणीची भूमिका होती, अडीच तास तोंडाला विश्रांती नव्हती. दोन आठवड्यांनी ऑफिसातल्या बाईंनी मला पुढच्या भागाची संहिता पाठवली, खाली नुसतं 'वाचून बघ' लिहून. पहिल्याच पानावर कमांडर कॉम्प्युटरचं झाकण उघडतो, एक वायर उपटतो आणि म्हणतो, आता ही पुन्हा कधी बोलणार नाही. तिथून पुढे कॉम्प्युटर फक्त दिवा लावतो.

ते मी दुपारच्या खेळाआधी वाचलं. बाहेर चारशे माणसं बसली होती. मी हसत हसत रंगमंचावर गेले. त्या शहाण्यांना वाटलं होतं, आवाज त्या पेटीत होता.