पेन्सिलीने लिहिलेला खुनी

"ही चिठ्ठी कोनं लिवली?" अनुसयाबाईंनी विचारलं.

काउंटरपलीकडे उभी असलेली हर्षा गडबडली. "बाबानं लिवली जी. माह्या सासऱ्यानं. काऊन, काई चुकलं का?"

चुकलं काहीच नव्हतं. 'चांदवस्ती'चा अकरावा भाग आला असल्यास सुनेपाशी द्यावा, एवढंच लिहिलं होतं आणि खाली नाव होतं, रूपराव मापारी. अक्षरं एकमेकांवर चढली होती, ओळ घसरत कोपऱ्यात गेली होती. पण शेवटचा पूर्णविराम असा दाबून दिला होता, की कागदाच्या मागच्या बाजूला टेंगूळ आलं होतं. अनुसयाबाईंनी चिठ्ठी उलटी केली आणि त्या टेंगळावरून बोट फिरवलं. हा पूर्णविराम त्यांच्या बावीस वर्षांच्या ओळखीचा होता. माणूस तेवढा आज सापडला.

अनुसयाबाई उइके आष्टीच्या वाचनालयात शिपाई म्हणून लागल्या, तेव्हा झाडू मारणं, माठ भरणं आणि वर्तमानपत्रांच्या घड्या घालणं एवढंच त्यांचं काम होतं. शाळा सातवीपर्यंत झाली होती, पण त्यानंतर वाचन म्हणजे बसची पाटी आणि औषधाच्या बाटलीवरचा कागद. पुस्तकं ही धूळ झटकायची वस्तू आहे, असंच त्यांच्या मनानं घेतलं होतं. मग एक दिवस कार्यवाह आनंदरावांनी त्यांच्या हातावर खोडरबर ठेवलं. "कोनी तरी दीडशहाना रहस्यकथेत खुन्याचं नाव लिवून ठेवते," ते चिडून म्हणाले. "बाकीच्यायची मजा जाते. हे साफ करत जा, बाई."

पहिलंच हाती आलं ते चांदवस्ती मालिकेचं पहिलं पुस्तक. पान चौऱ्याण्णव. समासात पेन्सिलीने लिहिलेलं, 'खुनी वैद्याचा भाचा', आणि पुढे तो पूर्णविराम. बाईंनी नाव पुसलं, फुंकर मारली, पुस्तक मिटलं. आणि तिथेच घोळ झाला. हा भाचा कोण? त्यानं मारलं कोणाला? आणि कशासाठी? दुपारी वाचनालयात चिटपाखरू नसायचं. बाई स्टुलावर टेकल्या आणि त्यांनी पहिलं पान काढलं.

चंद्रावर काचेच्या घुमटाखाली एक गाव. तिथे वारा नाही, म्हणून हवा मोजून मिळते आणि घरोघरी तिचं मीटर असतं. ते मीटर वाचत दारोदार हिंडणारी इंदू, हवेची मापारी. ना पोलीस, ना साहेब. लोक तिला दारातच उभी करायचे, पाणीसुद्धा विचारायचे नाहीत आणि तिच्यासमोर खुशाल बोलायचे. एकट्या म्हाताऱ्याच्या घरातल्या मीटरवर दोन माणसांचा श्वास लागलेला दिसला, आणि इंदूनं ओळखलं की घरात कोणी तरी लपलंय. अनुसयाबाईंच्या अंगावर काटा आला. चंद्राचं राहू द्या, ही बाई त्यांच्या चांगलीच ओळखीची होती. सभा संपल्यावर सतरंज्या उचलता उचलता कोण कोणाशी बोलेनासं झालंय, हे आनंदरावांच्या आधी त्यांना कळायचं. आपल्यासारखीवर कोणी पुस्तक लिहील, आणि एक लिहून थांबणार नाही, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

पुढचे भाग दोन-अडीच वर्षांनी एक असे येत राहिले. प्रत्येकाच्या समासात कुठे तरी ते नाव असायचंच. बाई आधी ते शोधायच्या, पुसायच्या आणि मग निवांत वाचायला बसायच्या. म्हणजे रहस्यकथा वाचायची ती खुनी माहीत करून घेऊन. गंमत अशी, की ते नाव दर वेळी खरं निघायचं नाही. दहा भागांत चारदा साफ खोटं निघालं. हा माणूस शेवट वाचून मुद्दाम लोकांना चकवतो आणि वर ठासून पूर्णविराम देतो, म्हणून बाईंचा त्याच्यावर मनस्वी राग होता. पण नवीन भाग फिरून परत आला की सगळ्यात आधी त्यालाच शोधायच्या.

आणि तो निघाला रूपराव! बाजार समितीत धान्याची मापं घेऊन निवृत्त झालेला, पांढऱ्या टोपीतला, पाणी प्यायल्यावर पेला उपडा घालून ठेवणारा गरीब गाय माणूस.

"दिसले नाई जी लय दिवसात," बाई म्हणाल्या.

"सावंगीच्या दवाखान्यात भरती हायेत. साखरेनं डोये गेले, आता किडनी गेली." हर्षाने पदराने तोंड पुसलं. "डॉक्टरनं स्पष्टच सांगतलं, जास्त दिवस नाई. पन बाबाचं एकच चालू हाय, अकरावा भाग आला का, अकरावा भाग आला का. मी वाचून दाखवते म्हटलं, तं दोन पानांत मलेच झोप लागली. तुमीच सांगा, चंद्रावर कोन मेलं त्याचं मले काय करनं हाय?"

अकरावा भाग कालच आला होता. पुठ्ठ्यावर छापलं होतं, मालिकेचा शेवटचा. टेबलावर शिक्क्याची वाट पाहत पडला होता आणि पाच जणांनी आधीच नंबर लावला होता. बाईंनी तो उचलला आणि थेट आनंदरावांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मले एक पुस्तक पाह्यजे. बाहीर न्याले."

"न्या ना. तुमच्या कार्डावर लिवतो."

"माह्यं कार्ड नाई."

आनंदरावांनी चष्मा काढला. "बावीस वर्षांत?"

"कोनी देल्लं नाई, अन् म्या मांगतलं नाई."

आनंदराव तसे तापट, पण मनाने कोते नव्हते. त्यांनी खण उघडला, कोरं कार्ड काढलं आणि आपल्या हाताने लिहिलं, श्रीमती अनुसया उइके, सभासद. मग बराच वेळ ते खणातच काही तरी शोधत राहिले, कारण त्यांना वर बघायची लाज वाटत होती. नंबर लावलेल्या पाच जणांना काय सांगायचं ते मी पाहतो, एवढंच म्हणाले.

सोमवारी वाचनालयाला सुट्टी. सकाळच्या बसने बाई वर्ध्याला उतरल्या आणि ऑटोने सावंगीला पोचल्या. खिडकीजवळच्या खाटेवर रूपराव पडले होते. टोपीशिवाय त्यांचं डोकं लहान मुलासारखं दिसत होतं.

"कोन?" त्यांनी चाहूल घेतली.

"मी अनुसया. वाचनालयातली."

"पानी भरते थ्या बाई?"

"हाव. अन् तुमचे खुनी पुसते थे बी मीच."

रूपरावांना एकदम हसू फुटलं आणि हसता हसता खोकला लागला. हर्षाने पाठ चोळली. "मले वाटे कोनी मास्तर असन," ते म्हणाले. "लय सफाईनं पुसत होते तुमी. पान कधी फाटलं नाई. थेच पुस्तक मी दुसऱ्यांदा नेलं का समासावर हात फिरवून पाहत होतो. मंग मनात म्हनत होतो, चला, कोनी तरी वाचलं."

"पन शेवट वाचून खोटी नावं काऊन लिवत होते जी? लोकायच्या मजेवर पानी फिरवत होते तुमी."

"शेवट वाचून?" म्हातारा दुखावला. "राम राम! अवो, शेवट वाचून कायले लिवन मी? जथी ओळखलं तथी लिवलं. वाचता वाचता. सहाखेप बरोबर आलं, चारखेप चुकलं."

बाई स्टुलावर बसून राहिल्या. बावीस वर्षं ज्याला लबाड समजत आलो, तो आपल्याआधी बसून नुसता ओळखायचा प्रयत्न करत होता.

"मंग चुकलेलं तरी खोडाचं होतं."

"मापाऱ्याची सवय, बाई. माप झालं का पोत्यावर लिवा लागते. एकदा लिवलं का खोडाचं नाई. खोडलं का शेतकरी म्हनते, मापात पाप हाय. चुकलं तं चुकलं, पन लिवलेलं राहू द्याचं."

अनुसयाबाईंना रागवावं की हसावं कळेना. मग जे बोलायला आल्या होत्या असं त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं, ते तोंडातून गेलं. "तुमचे लय उपकार हायेत माह्यावर. त्या भाच्याचं नाव तुमी लिवलं नसतं, तं म्या जन्मात पुस्तक उघडलं नसतं. झाडू मारून घरी गेली असती. मले चंद्र तुमी दाखवला, भाऊ."

रूपरावांनी आवाजाच्या दिशेने हात जोडले. "वाचा आता," ते म्हणाले. "पुस्तक आधी संपते का मी, पाहू."

पहिल्या सोमवारी साठ पानं झाली, दुसऱ्या सोमवारी आणखी पासष्ट. शेजारच्या खाटांवरचे लोकही ऐकू लागले. हर्षा मान हलवत म्हणायची, की यापेक्षा टीव्ही बरा, आणि डबा घासायला म्हणून गेलेली लगेच परत यायची. चांदवस्तीतल्या काचेच्या बागेत गावची कोठी सांभाळणारा कोठीवाला मेलेला सापडला होता. आतल्या काचा कोणी तरी पुसून ठेवल्या होत्या, म्हणून पोलिसांनी काचा पुसणाऱ्या चंपाला धरलं होतं. आणि इंदूच्या निवृत्तीला आठ दिवस उरले होते.

तिसऱ्या सोमवारी रूपरावांचा आवाज अगदी खाली गेला होता. बाई जवळ सरकून वाचत होत्या. एकशे सत्त्याऐंशीव्या पानावर त्यांनी हात वर केला. "थांबा. पेन्सिल द्या."

बाईंनी पिशवीतून पेन्सिल काढली, त्यांच्या बोटांत दिली आणि हात समासावर नेऊन ठेवला. 'खुनी डॉक्टर.' दोनच शब्द लिहायला बराच वेळ लागला. पूर्णविराम देताना मात्र हातात कुठून बळ आलं कोण जाणे.

"वस्तीतल्या डॉक्टरच्या घरचं मीटर त्या टायमाले कमी पडलं होतं," रूपराव म्हणाले. "म्हंजे थो घरी नव्हता. माप खोटं बोलत नाई. आता तुमी सांगा."

"मी? मी तं आजलोक तुमचं पाहूनच वाचलं. म्या कधी ओळखलं नाई."

"म्हनूनच म्हनतो. उद्या मी नसलो तं कोनाचं पाहसान?"

अनुसयाबाई विचारात पडल्या. एक गोष्ट त्यांना केव्हाची खुपत होती, पण आपल्याला काय कळतंय म्हणून त्या गप्प होत्या. "थे काच," त्या हळूच म्हणाल्या. "गोल गोल पुसली होती असं लिवलं हाय. जे बाई रोज काच पुसते, थे वरून खाली पुसते जी. गोल पुसलं का डाग पसरते. हे चंपाचं काम नोहे. अन् पहिल्याच पानावर घुमटाचा इंजिनेर आपला चष्मा गोल गोल पुसत उभा होता."

रूपरावांनी हातातली पेन्सिल त्यांच्यापुढे धरली. "हे माह्या ध्यानातच नाई आलं," ते म्हणाले.

"तुमी माप पाह्यता. मी पुसनं पाह्यते."

"लिवा. माह्या खाली लिवा."

बाईंनी लिहिलं. हलक्या हाताने लिहिलं, कारण पुसायला सोपं जावं ही जन्माची सवय. आपल्या अक्षरातलं ते 'इंजिनेर' त्यांनी दोनदा वाचलं. पुढचं वाचायला घेतलं तेवढ्यात नर्स आली आणि म्हणाली, आता आराम करू द्या.

"पुढच्या सोमवारी शेवट," बाई म्हणाल्या.

"येजा. अन् माह्या आधी वाचू नका, सांगून ठेवतो."

गुरुवारी हर्षाचा फोन आला. संध्याकाळी रूपरावांना आष्टीला आणलं. अनुसयाबाई बायकांमध्ये उभ्या राहिल्या. रूपरावांची त्या कोण लागतात असं कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर काय सांगायचं, हेही त्यांना सुचलं नसतं. खाली ठेवलेल्या त्या माणसाला त्यांनी मनोमन सांगितलं, की शब्द पाळला आहे, अजून एक ओळ पुढे वाचलेली नाही.

सोमवारी त्यांनी वाचनालय उघडलं. सुट्टी होती, बाकं रिकामी होती. त्या आपल्या स्टुलावर बसल्या आणि एकशे सत्त्याऐंशीव्या पानापासून पुढे मोठ्याने वाचू लागल्या, कारण हे पुस्तक त्यांनी असंच वाचलं होतं. दोनशे बाविसाव्या पानावर इंदूनं सगळ्यांसमोर साहेबाच्या हातात फडकं दिलं आणि म्हटलं, ही काच पुसून दाखवा. त्यानं गोल गोल पुसली. इंजिनेर.

"पाह्यलं का भाऊ?" बाई बोलून गेल्या. आणि मग समोरच्या रिकाम्या बाकाकडे पाहून त्यांना रडू आलं. ते दुःखाचं होतंच, पण नुसतं दुःखाचं नव्हतं. या वयात आपल्याला आपलं आपण ओळखता आलं, आणि ते ओळखायला लावणारा माणूस आपल्या वाट्याला आला, याचंही त्यात बरंच होतं.

शेवटचं पान झाल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि पिशवीतून खोडरबर काढलं. उद्या सकाळी नंबर लावलेला पहिला वाचक येणार होता. त्यांनी समास उघडला. दोन नावं, एकाखाली एक. खालचं बरोबर होतं, म्हणजे त्या वाचकाची मजा घालवणारं होतं. त्यांनी आपलं 'इंजिनेर' अलगद पुसलं, फुंकर मारली, आणि हलक्या हाताने लिहिलेलं ते नाव होतं की नव्हतं असं झालं.

वरचं चुकलं होतं. त्यांनी त्याला हात लावला नाही. पान उलटलं आणि पाठीमागून बोट फिरवलं. पूर्णविराम बोटाला लागला. मग पुस्तक मिटून त्यांनी ते टेबलावर ठेवलं, आपल्या कार्डावर 'परत' असं लिहिलं आणि माठ भरायला उठल्या.