केणे सरांचं शुद्ध पाणी

रसायनशास्त्राचे प्रोफेसर डॉ. बाळाराम केणे विद्यापीठातून निवृत्त झाले, तेव्हा मानकोली नाक्यावर त्यांचे फ्लेक्स लागले. 'आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ' असं मोठ्या अक्षरांत, आणि खाली गॉगल लावून हात जोडलेले सर. आंतरराष्ट्रीय म्हणजे एकदा बँकॉकला परिषदेला गेले होते. तिथे वाचलेला पेपर आम्ही विद्यार्थ्यांनी लिहिला होता.

मी मृणाली, त्यांची पीएचडीची शेवटची विद्यार्थिनी. सर प्रयोगशाळेत कधी शिरल्याचं मला आठवत नाही, पण आमच्या प्रत्येक पेपरवर पहिलं नाव त्यांचं. त्यांच्या पुतण्याच्या हळदीत मी पंगती वाढल्या, नातीचा शाळेचा ज्वालामुखी मी बनवला. प्रबंधावर त्यांची सही बाकी होती, म्हणून सगळं निमूटपणे केलं.

प्रबंध साधा होता. लूमखाली साचणाऱ्या कापसाच्या कचऱ्याचा कोळसा करायचा आणि डाईंगच्या कारखान्यांचं रंगीत पाणी त्यातून गाळायचं. रंग जातो, विषारी धातू मात्र पाण्यातच राहतात. हे शेवटच्या प्रकरणात होतं. सर म्हणाले, "ते प्रकरण काढून टाक. उगाच शंका कशाला?" मला वाटलं, नुसतं शीर्षक बघून म्हणाले, वाचलंच नसेल. वाचायची सवय होती कुठे त्यांना?

निरोप समारंभात सरांनी हाच प्रयोग स्टेजवर करून दाखवला, अर्थात स्वतःचा शोध म्हणून. वरून डाईंगचं लाल पाणी ओतलं, खाली नितळ आलं. टाळ्या पडल्या. सरांनी ग्लास भरला आणि शेजारी बसवलेल्या आपल्या म्हाताऱ्या आईच्या, आक्कांच्या हातात दिला.

"आपल्यात पहिला मान आईचा," ते माईकवर म्हणाले.

आक्कांचे डोळे भरून आले. त्यांनी ग्लास ओठांकडे नेला तशी मी धावत स्टेजवर गेले आणि त्यावर हात ठेवला. सही गेली, डिग्री गेली, हे मला तिथेच कळलं.

"सर, आधी तुम्ही प्या."

सर हसले. "अगं, माझा घसा बसलाय."

"आता त माईकवर बोलत व्हतास," आक्का म्हणाल्या. "पी ना रं बाळ्या. मना घाई न्हाय."

सरांनी ग्लास घेतला. पाण्याकडे जरा वेळ बघत राहिले. मग तो टेबलावरच्या हारांमागे ठेवून फोटोवाल्याला म्हणाले, "चला, ग्रुप फोटो घ्या."

म्हणजे प्रकरण वाचलं होतं त्यांनी. वाचून, समजून ग्लास आईच्या हातात दिला होता.