तीन दिवसांची ज्वारी

द्रौपदाबाईचं एक ठरलेलं उत्तर होतं. कुठं जायचं निघालं, की ती म्हणायची, "मनाबिगर घर चालत नही, बाई." अमळनेरच्या त्या गल्लीत 'माझ्यावाचून घर चालत नाही' हे उत्तर बावीस वर्षं चाललं. नळावरच्या मैत्रिणी, सुंदरबाई आणि पार्वताबाई, त्यावर हसायच्या. द्रौपदाबाईला ते हसणंही कौतुकच वाटायचं.

अठ्ठ्याऐंशीच्या एप्रिलात मात्र दोघींनी तिला धरलंच. शनिवार-रविवार जळगाव, मुक्काम सुंदरबाईच्या बहिणीकडे. द्रौपदाबाई हो म्हणाली, पण जाण्याआधी तिनं खुंटा हलवून बळकट केला. शुक्रवारी पहाटे बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची, ज्वारी भिजत घातली. तीन दिवस भिजवायची, सोमवारी दळायची, घाटा शिजवून लुगड्यावर थापायचा. तिच्याशिवाय घरात बिबडे कुणाला येत नव्हते. तिनं येऊच दिले नव्हते. घाट्यात मीठ आणि पापडखार टाकायची वेळ आली, की ती सुनेला, मंदाबाईला, पाण्याला पिटाळायची. पाच उन्हाळे हाच कारभार.

जळगावात मजा आली, खोटं कशाला बोला! सोन्याच्या दुकानात तिघींनी तासभर पाटल्या हातात घालून पाहिल्या आणि काढून ठेवल्या. दुकानदारानं वर चहा पाजला. मेहरूण तलावाच्या काठी उसाचा रस पिऊन झाला. स्टुडिओत फोटोही काढला. "जरा हसा, ताई," फोटोवाला म्हणाला, तेव्हा द्रौपदाबाईच्या मनात घरची ज्वारी होती. आपल्यावाचून तिकडं अडलंय, या विचारानं तिला फार बरं वाटलं आणि ती छान हसली.

रविवारी संध्याकाळी पॅसेंजरनं ती परतली. गच्चीवर मंदाबाई खाटेवरचं लुगडं सोडवत होती. लुगड्यावर बिबडे, दळून-शिजवून-थापून तयार. पातळ, एकसारखे, कडेला कुठं तडा नाही.

"ज्वारीले वास येवाले लागना, अक्का," मंदाबाई घाबरत म्हणाली. "मंग आज सकायमाच दयी टाकी. ऊन कितलं शे!"

एप्रिलात ज्वारी दोन दिवसांत आंबते, हे द्रौपदाबाईइतकं कुणाला ठाऊक होतं? पण सोमवार गाठायचा म्हणून तिनंच तीन दिवस ताणले होते. ज्वारी काही तिच्या सहलीसाठी थांबली नाही.

"मीठ कितलं टाकं?"

"चाखी चाखीसन." मंदाबाईनं झाकलेली वाटी पुढं केली. "तुम्हनाकरता घाटा ठेयेल शे."

द्रौपदाबाईनं त्यावर तेल घेतलं आणि घास तोंडात टाकला. खोट काढायला जीभ टपूनच होती. खोट नव्हती. उलट तिच्या हातून दरवर्षी पापडखार जरा जास्त पडायचा, तो इथं बेतात होता. तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याची लाजही वाटली.

"बेस व्हयना," ती म्हणाली आणि वाटी चाटूनपुसून संपवली.

सोमवारी नळावर सुंदरबाईनं धुळ्याच्या सहलीचं विचारलं, "आते जेठमा धुयाले जाऊत का?"

सवयीनं द्रौपदाबाईचं तोंड उघडलं. समोर गच्चीवर मंदाबाई कुणाला न विचारता बिबड्यांची दुसरी बाजू उन्हाला देत होती.

"जाऊत," द्रौपदाबाई म्हणाली.

पार्वताबाई हसायच्या तयारीतच होती. तिचं हसायचं राहून गेलं.