पाकिटावरची याडी

फुलसावंगीच्या बाजारात रुक्माबाईचं तोंड साऱ्यांच्या ओळखीचं होतं, कारण ते डाळीच्या पाकिटावर छापलेलं होतं. दोन-तीन वर्षांमागं डाळमिलची माणसं तिच्या बंजारा तांड्यावर आली होती. तिला ठेवणीतली फेटिया-कांचळी, म्हणजे भरतकामाचा घागरा-चोळी, घालायला लावली, दारात बसवलं आणि फोटो काढून नेला. डाळीला नाव दिलं 'याडी'. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. मिलवर तांड्यातलीच तूर जायची, डाळ तेव्हा खरोखर चांगली होती. बायका दुकानात कंपनीचं नाव घेत नसत. "रुक्माबाईची डाळ द्या," म्हणत.

यंदा दिवाळी सरली आणि भरबाजारात लीलाबाईनं तिला अडवलं.

"काहून वं रुक्मा, आमाले रंग खाऊ घालून राह्यली का? धुतली का पिवळं पाणी सुटते तुह्या डाळीतून. नातवाचं पोट दुखून राह्यलं. तुह्या तोंडाकडे पाहून घेतली होती मी!"

रुक्माबाईनं पाकीट घरी आणून धुऊन पाहिलं. पाणी हळदीसारखं झालं. त्या दिवशी तिला घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी मुलाला, संजयला, घेऊन तिनं मिलचं ऑफिस गाठलं. मॅनेजर कपिलनं तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

"आजी, एखादा लॉट असा निघतो. लोक आठ दिवसांत विसरतात."

"लोक विसरतीन. पण मले ते दर बाजारी भेटतेत. माल वापस बोलवा, नाही तं माहं तोंड काढा."

"तोंड तुमचं असलं तरी फोटो कंपनीचा आहे. अंगठा दिलाय तुम्ही."

संजयनं तिचा हात ओढला. "याडी, चाल. आपली तूर हेच घेतेत."

रुक्माबाई उठली. "ठेवा फोटो," ती म्हणाली. "तोंड मी घेऊन चालली."

पुढच्या बाजारी ती बाबुलालच्या किराणा दुकानासमोर पाण्याची परात घेऊन बसली. येईल त्याच्यासमोर मूठभर डाळ पाण्यात सोडायची आणि सांगायची, "तोंड माहं हाय, डाळ माही नाही."

बाबुलाल हात जोडत बाहेर आला. "बाई, माह्या पोटावर पाय कायले देता?"

"दुकान तुमचं, बाबुलालभाऊ. रस्ता सरकारचा हाय."

कोणीतरी मोबाइलवर ते सारं टिपून गावोगाव पाठवलं. संध्याकाळच्या आत आसपासच्या गावांतून दुकानदारांचे फोन मिलवर खणखणू लागले. त्याच्या पुढच्या बाजारी कपिल गाडी घेऊन हजर झाला. या खेपेला त्याच्या तोंडी 'आजी' नव्हती.

"कंपनीची बदनामी करता? केस टाकीन!"

"टाक. कोरटात बी हेच पाणी दाखवीन." तिनं शेजारचा डबा उघडला. "तुमच्याच डाळीचं वरण हाय. बस, जेव."

कपिल उभाच राहिला. भोवती गर्दी झाली. लीलाबाई पुढं सरली, "जेवा ना साहेब! याडीनं वाढलं हाय."

लोक हसले. कपिलनं डब्याकडे पाहिलं, मग गर्दीकडे, पण हात काही पुढं केला नाही. तेवढ्यात बाबुलालनं दुकानातलं पोतं ओढत आणलं आणि गाडीजवळ आपटलं. "हा माल पह्यले उचला."

तालुकाभरच्या दुकानांतून पोती परत गेली. मिलनं त्या हंगामात तांड्याची तूर घेतली नाही. संजयला ती भाड्याच्या गाडीतून पुसदला न्यावी लागली. घरी आल्यावर तो आईशी दोन दिवस बोलला नाही. रुक्माबाईनंही मनधरणी केली नाही.

होळीच्या सुमारास मिलचा मालक स्वतः आला. कपिलला काढलं होतं. नव्या पाकिटावर कमळ छापलं होतं, पण गिऱ्हाईक हात लावत नव्हतं. त्यानं डाळीची पिशवी पुढं ठेवली. रुक्माबाईनं डाळ धुतली. पाणी निवळ राहिलं. शिजवली, चाखली.

"चांगली हाय. विका."

"मग फोटो छापू ना पुन्हा?"

"डाळ चांगली हाय तं माह्या तोंडाची गरज कायले पडते? तुमचं छापा. लोकाइले समजलं पाहिजे कोणाले धरायचं ते."

मालक चहा अर्धा टाकून उठला. संजय त्याला गाडीपर्यंत सोडायला गेला आणि जाता जाता त्यानं तुरीचा विषय काढला. रुक्माबाईला ते दारातून ऐकू आलं. तिनं त्याला अडवलं नाही.