राज्याभिषेकावरचा कागद

पद्माकरांनी विजेरी तिरपी धरली आणि तिथेच थांबवली. राजाच्या किरमिजी झग्यावर, मुकुट ठेवणाऱ्या धर्मगुरूच्या हातांच्या बरोबर खाली, तांदळाच्या कणीएवढा रंग गेला होता.

साडेतीनशे वर्षांपूर्वीचं, बरोक काळातलं ते राज्याभिषेकाचं भलंमोठं चित्र युरोपातून आलं, दिवसभर बंद पेटीत संग्रहालयाच्या हवेला सरावलं आणि आज सकाळी उघडलं गेलं. उघडल्यावर ते जसं दिसेल तसं अहवालात टिपून सही करायची, हे पद्माकरांचं काम. नियम साधा, पण जीवघेणा. चित्र तिकडून निघतानाच्या अहवालात जे नाही, ते इथल्या माणसांच्या हातून झालं असं धरायचं. निघतानाच्या अहवालात झगा धडधाकट होता.

"काका, आज कोळिष्टक नाही ना?" प्रताप हसला. प्रदर्शनाचा प्रमुख, वयानं मुलासारखा. दोन महिन्यांपूर्वी पद्माकरांनी एका फुलदाणीला तडा गेलाय म्हणून सगळं काम थांबवलं होतं. तडा म्हणजे कोळिष्टक निघालं. तेव्हापासून त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता. त्यातून सोमवारी त्यांचा करार वाढवायचा की नाही ते ठरणार होतं.

"रंग उडालाय," ते पुटपुटले.

चित्रासोबत आलेली बाई वाकली. "आमच्याकडे हे नव्हतं," ती इंग्रजीत म्हणाली. "चित्रावरचा पातळ कागद काढताना कुणाचं तरी नख लागलं असेल."

कागद पद्माकरांनीच काढला होता. कागद! प्रवासात सुटलेली रंगाची खपली त्या पातळ कागदालाच चिकटून राहते, म्हणून तपासल्याशिवाय तो हलवायचा नसतो. त्यांनी टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं होतं.

नोंदी ठेवणाऱ्या मैत्रेयीचा चेहरा पांढराफटक पडला होता. सकाळी ती म्हणाली होती, "काका, कसला सुरेख कागद आहे हो! माझ्या जाईला शाळेत कंदील करायचाय. टाकूनच देणार ना?" भेटवस्तूंचे कागद अलगद सोडवून गादीखाली जपणाऱ्या घरातली ती, पद्माकरही त्यातलेच. अहवालातून डोकं वर न काढता त्यांनी "हं" म्हटलं होतं. कागदाची घडी तिच्या पिशवीत गेली होती.

आता तो मागावा, तर तिची नोकरी जाणार, तिच्याबरोबर या परक्या देशात राहायचा पास आणि वुडलँड्स भागातला फ्लॅटही. न मागावा, तर आपण संपलो. आणि घडी घालताना खपली कुठे पडली असेल, तर दोघंही.

"नख लागलं असं लिहून टाका," प्रताप मराठीत कुजबुजला. "चार वाजता टांगायचंय. या वयात हात थरथरतोच की, काका!"

शंका आली की चूक आपलीच, असंच ते जन्मभर समजत आले होते. त्यांनी पेन उचललं. 'तपासताना नख लागून' इथवर लिहिलं.

"थांबा!" मैत्रेयीनं पिशवीतून घडी काढून टेबलावर ठेवली. "तुम्हीच उलगडा, काका. माझ्यानं नाही व्हायचं."

पहिली घडी. काही नाही. दुसरी. काही नाही. प्रतापनं घड्याळ पाहिलं. शेवटच्या घडीच्या कोपऱ्यात कुंकवासारखा एक लाल कण होता. तो उडेल म्हणून पद्माकरांनी श्वास रोखला.

बाईनं भिंग घेतलं. कण पाहिला, झगा पाहिला, पुन्हा कण पाहिला. म्हणाली, "कागदालाच चिकटलाय, म्हणजे प्रवासातच सुटलाय." मग तिनं मान वर केली. "पण कागद हिच्या पिशवीत कसा?"

सगळे मैत्रेयीकडे पाहू लागले.

"मी परवानगी दिली होती," पद्माकर म्हणाले.

"काका, हे लेखी द्यावं लागेल," प्रतापनं आवाज खाली आणला. "सोमवार लक्षात आहे ना?"

पद्माकरांनी नखाची ओळ खोडली. खाली लिहिलं, 'रंग प्रवासात सुटला. कागद माझ्या होकारानं हलवला गेला, चूक माझी.' आणि सही केली. या वेळी त्यांना काडीचीही शंका नव्हती.