पाच टाळ्या

गौस मियाँचे कान गेले, असं घरात सगळ्यात आधी त्यांच्या सुनेला, रईसाला वाटलं. टीव्हीचा आवाज दिवसेंदिवस वाढत चालला होता. चहा घेणार का विचारलं, तर नाही, आज शुक्रवार नाही, असलं उत्तर यायचं. ती हसायची, तिचा नवरा मुनव्वरही हसायचा. पण तेच किल्ल्यावरच्या गाईड मंडळींनी हसत हसत ऐकवलं, तेव्हा म्हाताऱ्याच्या जिव्हारी लागलं. एकेचाळीस वर्षं ते गोवळकोंड्यावर लोकांना फिरवत होते. पाहुण्यांना दरवाजाच्या घुमटाखाली उभं करायचं, टाळी वाजवायला लावायची आणि ती पार टेकडीच्या माथ्यावर, बारादरीच्या महालात कशी ऐकू जाते ते सांगायचं, यातच त्यांची हयात गेली होती.

शेवटी त्यांनी स्वतःच सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. मे महिन्यात एका सोमवारी, किल्ला उघडताच, ते मुनव्वरला घेऊन गेले. त्या वेळी तिथे चिटपाखरूही नसतं.

“वर जायला मला अर्धा तास लागेल,” ते म्हणाले. “घड्याळ बघून टाळ्या वाजव. किती वाजवायच्या ते तू ठरव, मला सांगू नकोस. खाली येऊन मीच आकडा सांगेन. चुकला, तर आजच गाईडचा बिल्ला परत करतो.”

मुनव्वर एसी दुरुस्त करायचा. मे महिना म्हणजे त्याला श्वास घ्यायला फुरसत नसायची. अब्बा पायऱ्यांच्या वळणाआड गेले आणि त्याचा फोन वाजला. एका लग्नाच्या हॉलमधली दोन यंत्रं बंद पडली होती आणि तिथला मॅनेजर तोंडाला येईल ते बोलत होता. घुमटाखाली आवाज तुटत होता म्हणून मुनव्वर बाहेर हिरवळीवर गेला. समजावलं, भांडला, मग आपल्या माणसांना फोन लावत बसला. भानावर येऊन पाहिलं, तर अब्बा एकेक पायरी उतरत खाली येत होते.

तेव्हाच सांगितलं असतं तर चार शिव्या बसल्या असत्या आणि विषय मिटला असता.

“किती वाजवल्यास?” आकडा सांगायचं सोडून अब्बांनीच विचारलं. त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता.

“पाच,” मुनव्वर म्हणून गेला. त्याला वाटलं, अब्बा म्हणतील, नीट कळलं नाही, पुन्हा वाजव. पण त्यांनी नुसती मान हलवली. खिशाला लावलेला बिल्ला काढला, कुर्त्याच्या टोकाने पुसला आणि त्याच दिवशी देऊन टाकला.

त्यानंतर गौस मियाँ खाटेवर बसले ते बसलेच. रोज दोनदा गड चढणारे गुडघे बघता बघता आखडले. आपण भलतंच काही बोलू या धास्तीने ते बोलेनासेच झाले. कुणी समोर आलं, की त्याच्या ओठांकडे टक लावून बघायचे. मुनव्वर रोज कामावरून येताना ठरवायचा, आज सांगायचंच. आणि दारात ती नजर दिसली, की तो सरळ हातपाय धुवायला निघून जायचा. मग तो सकाळी उठून कोपऱ्यावरच्या हॉटेलातून त्यांच्यासाठी खिचडी-खिमा आणायचा, पाय चेपून द्यायचा. अब्बांवर एवढं प्रेम कुठून उतू चाललंय, असं रईसा चिडवायची, तेव्हा तो ताट सारून उठायचा.

सप्टेंबरात रईसाच त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. मुनव्वरही सोबत होता. डॉक्टरने कान साफ केले, यंत्र लावून तपासलं आणि म्हणाला, हळू बोललेलं यांना नीट कळत नाही, त्यासाठी मशीन लावा, पण टाळीसारखा आवाज अगदी व्यवस्थित ऐकू येतो.

रिक्षात गौस मियाँनी हाताने दोन्ही कान चाचपले. मग म्हणाले, “मग त्या पाच टाळ्या गेल्या कुठे?”

घरी पोचेपर्यंत त्याचं उत्तरही त्यांनी शोधून काढलं. घुमटाला तडा गेला असणार. आपले कान शाबूत असून टाळी वर आली नाही, म्हणजे दोष घुमटातच, आणि हे तिथल्या पोरांना सांगायला हवं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी मुनव्वरला स्कूटर काढायला लावली.

घुमटाखाली गर्दी होती. गौस मियाँ मान वर करून इंच न् इंच चुना न्याहाळत होते, भिंतीवरून तळहात फिरवत होते. “इतकी शतकं टिकला,” ते पुटपुटले, “आणि माझ्याच वेळी दगा दिला.”

मुनव्वरला ते बघवेना. “अब्बा, घुमटाला काही झालेलं नाही. मी टाळ्या वाजवल्याच नव्हत्या.”

“काय?”

लोकांच्या टाळ्यांत त्यांना ऐकू गेलं नव्हतं. मुनव्वरला तेच पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. शेजारचं एक कुटुंब वळून बघायला लागलं.

“एकही नाही?”

“एकही नाही. फोनवर होतो.”

गौस मियाँनी भिंतीवरचा हात काढला. मग म्हणाले, “मला ऐकू आलं नाही म्हणून मी घरी नव्हतो रे बसलो. वाटलं होतं, वारा असेल, पुन्हा चढून बघू. तू पाच म्हणालास म्हणून बसलो.”

ते एकटेच पायऱ्या चढायला लागले. जेमतेम चाळीस चढून त्यांना कठड्याला धरून बसावं लागलं. मुनव्वरने हात पुढे केला. त्यांनी तो धरला नाही, झिडकारलाही नाही.

जुन्या सोबत्यांनी त्यांना परत घेतलं, पण वर चढणं आता त्यांच्याच्याने होत नाही. मुनव्वर सकाळी त्यांना दरवाजाशी सोडतो. ते खालीच स्टुलावर बसून पाहुण्यांना किल्ला सांगतात आणि पुढे दुसऱ्या गाईडच्या हवाली करतात. बारादरीतून शहर कसं दिसतं, ते आता दुसरंच कुणी दाखवतं.

घरात बोलणंचालणं पूर्वीसारखं आहे. अब्बा एकदाही रागावले नाहीत. फक्त मुनव्वरने काही सांगितलं, सिलिंडर आला, औषध आणलं, खालचं दार लावलं, की ते बरं म्हणतात आणि थोड्या वेळाने रईसाला विचारतात, “लावलंय का गं दार?”

ती हो म्हणते. मग ते झोपायला जातात.