पान एकशे बारा

"आज हिरवं का लाल?"

साडेतीनला शेअर बाजार बंद झाला, की सारिका पिठाचे हात तसेच घेऊन दारात यायची आणि हेच विचारायची. केडगावच्या दोन खोल्यांत विक्रम आकडे बघत बसलेला असायचा. हिरवं असलं की हसायची. लाल असलं की मुकाट आत वळायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. माणूस गेलं, आवाज तेवढा घरात राहिला.

विक्रम आता लेखक झाला होता. बाजारात कमावलं, मग पैशाबद्दल आणि जगण्याबद्दल पुस्तक लिहिलं. शिरूरला, दौंडला कॉलेजात भाषणं व्हायची, पोरं त्याचे नियम वहीत उतरवून घ्यायची. सगळ्यांना आवडायचं ते पान एकशे बारा: 'भाव निम्म्यावर आले त्या वर्षी माझ्या पत्नीनं एकदाही "विका" म्हटलं नाही. तिचा धीर हेच माझं भांडवल.' हे वाचलं की सभागृहात टाळ्या पडायच्या.

अधिक महिना लागला आणि कारेगावहून सासूबाईंचा, भागुबाईंचा फोन आला.

"धोंड्याला या, जावईबापू."

"मामी, आता सारिका नाही..."

"पोरगी गेली. नातं कुठं गेलंय? उपाशी या म्हंजी झालं."

कंपनीतल्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या खोल्यांच्या मागं त्यांचं घर. विक्रम दारात चपला काढत होता, तेव्हा आत चुलीपाशी पुरणाचे धोंडे वाफवताना म्हातारी स्वतःशीच गात होती.

लेकीच्या गं ओठांवरी, मीच ठेवियेला हात
बोलायाचं व्हतं तिला, जागली गं सारी रात

तो खाकरला. गाणं तुटलं.

पाट मांडलेला होता. भागुबाईंच्या सुनेनं, सवितानं, ताट वाढलं.

"दाजी, भाषणात काटकसर शिकवता, आन् तूप बघा कसं घेताय!"

"सासरचं तूप आहे. हिशोबात धरत नाही मी."

सविता हसली. भागुबाई हसल्या नाहीत. त्यांनी देवळीतून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेलं पुस्तक काढलं.

"मला वाचता येत न्हाई, पर पान ठावं हाय. सवितानं धा येळा वाचून दावलं. आज तुमच्या तोंडानं ऐकायचंय."

त्यानं डाव्या हातानं पुस्तक धरलं. शेकडो लोकांपुढं म्हटलेली ती दोन वाक्यं इथं, चुलीच्या धुरात, त्यानं कशीबशी वाचली.

"एकदाबी म्हनली न्हाई?"

"...तसं छापलंय, मामी."

"छापलंय म्हंजी खरंच." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मग पाप माझंच. छातीत गाठ लागली तवा पोर यष्टीनं पयली माझ्याकडं आली. मी म्हनले, भाव पडल्यात, जावई जेवंना का झोपंना, आत्ता काई सांगू नगं. सावरू दे त्यांना. तिनं ऐकलं वं माझं. पाच म्हैने ऐकलं. डाक्टर म्हनला, उशीर केला. त्यो उशीर मी केला."

"आत्या, पुन्हा तेच! सुखानं दोन घास तर खाऊ द्या त्यांला."

"खाऊ दे की. मी कुठं अडवलंय? माझ्या गळ्याखाली उतरत न्हाई, एवढंच."

विक्रमच्या तोंडातला घास तसाच राहिला. पुस्तकाची चौथी आवृत्ती पुढच्या आठवड्यात छापायला जाणार होती. गप्प राहिलं, तर काही बिघडणार नव्हतं. पान तसंच राहणार होतं, टाळ्याही तशाच. आणि ही बाई रोज चुलीपुढं बसून तीच ओवी गाणार होती, गळा थकेपर्यंत.

भागुबाईंनी त्याच्यापुढं कापडं ठेवली. वर एक खण.

"हे तुमचं. आन् ह्यो खण तिचा. धोंड्याला लेकीला मोकळं कसं धाडू? कुठं ठेवायचा ते तुमी बघा."

त्यानं खण उचलला. त्याला वजनच नव्हतं.

"मामी, तिनं तुमचं ऐकलं नव्हतं."

सविताच्या हातातली पळी तशीच थांबली. भागुबाईंनी मान वर केली.

"काय म्हनता?"

"इथून आली त्याच दिवशी तिनं मला सांगितलं. माझा हात धरून गाठीवर ठेवला. म्हणाली, थोडे शेअर विकू, पुण्याला दाखवून येऊ. मी म्हणालो, आत्ता विकलं तर निम्म्या भावात जाईल, थोडं थांब." त्यानं खण मुठीत धरला. "महिन्यानं पुन्हा म्हणाली. मी पुन्हा तेच सांगितलं. पुस्तकात खोटं लिहिलंय, मामी. तिला पाच महिने थांबवलं, ते तुम्ही नाही. मी थांबवलं."